अडलं तर विचारा: अपडेट झालं आणि ब्राउझर बसला

दिवाळीच्या सुट्टीत माणसं राहिलेली कामं काढतात. माळा झाडतात, पंखे पुसतात, आणि लॅपटॉपवर चार-चार महिने टाळलेलं अपडेटचं बटण एकदाचं दाबून टाकतात. मग सुट्टी संपली की माझ्याकडे पत्रं येतात. या वेळची बरीचशी एकाच दुखण्याची आहेत: लिनक्स (विंडोजऐवजी चालणारी सिस्टिम; उबुंटू आणि मिंट ही तिचीच रूपं) अपडेट केलं, कॉम्प्युटर नीट चालू होतो, पण ब्राउझर बिघडला. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तेव्हापासून भुसावळच्या माझ्या दुकानातही जुन्या मशीनवर लिनक्स टाकून घेणारे वाढले आहेत, म्हणून हा अंक मी याच विषयाला दिला.

एक सूचना आधीच. टर्मिनलच्या, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतल्या, आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत छापल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाकायच्या. पासवर्ड टाकताना बऱ्याचदा पडद्यावर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड बंद पडलेला नसतो. टाकत राहा आणि एंटर दाबा.

*

नमस्कार ताई. मी अमळनेर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लॅपटॉपवर उबुंटू २०.०४ होतं, सुट्टीत २२.०४ करून घेतलं. फायरफॉक्स उघडला तर कोरा करकरीत. बुकमार्क नाहीत, साठवलेले पासवर्ड नाहीत. पाच वर्षं एकेक करून जमवलेलं होतं. भाचा म्हणतो, गेलं ते गेलं, नवीन सुरू कर. खरंच गेलं का?
– एक शिक्षिका, अमळनेर तालुका

ताई, गेलेलं नाही. सगळं तुमच्याच लॅपटॉपवर आहे, फक्त फायरफॉक्स दुसऱ्या घरी राहायला गेला आणि कपाट जुन्या घरात राहिलं.

झालं ते असं. उबुंटू २०.०४ मध्ये फायरफॉक्स डेब प्रकारच्या पॅकेजमधून, म्हणजे प्रोग्रॅमच्या बांधलेल्या गठ्ठ्यातून, यायचा. एप्रिल २०२२ मध्ये २२.०४ आलं, तेव्हापासून उबुंटू तो स्नॅप प्रकारात देतं. स्नॅप म्हणजे बंद डबा. ब्राउझरला लागणारं बरंचसं सामान डब्यातच असतं आणि बाहेरच्या सिस्टिमला तो ठरवून दिलेल्या दारांतूनच हात लावू शकतो. बुकमार्क, पासवर्ड, इतिहास ज्या फोल्डरमध्ये असतात त्याला प्रोफाइल म्हणतात. डेबवाल्या फायरफॉक्सचं प्रोफाइल तुमच्या होम फोल्डरमधल्या 'डॉट मोझिला' मध्ये असतं. स्नॅपवाल्याचं असतं 'स्नॅप', त्यात 'फायरफॉक्स', त्यात 'कॉमन', आणि मग त्याच्या आत वेगळा 'डॉट मोझिला'. दोन घरं, दोन कपाटं.

एरवी स्नॅप पहिल्यांदा उघडतो तेव्हा जुन्या घरातलं कपाट स्वतःच उचलून आणतो. तुमच्याकडे का नाही आणलं, म्हणून मी तुम्हाला फोन केला होता. तेव्हा कळलं की दोन वर्षांपूर्वी भाच्याने स्नॅपमधून फायरफॉक्स टाकून एकदा उघडून पाहिला होता आणि तसाच सोडला होता. त्या एका वेळेत स्नॅपने रिकामं प्रोफाइल तयार केलं. आता नव्या घरात आधीच एक कपाट उभं आहे, म्हटल्यावर जुनं कोण आणणार?

फोनवर आपण जे केलं ते सगळ्यांसाठी लिहिते. फायरफॉक्स पूर्ण बंद करा. फाइल्सच्या खिडकीत होम फोल्डर उघडा आणि कंट्रोल-एच दाबा, म्हणजे टिंबाने सुरू होणारे लपलेले फोल्डर दिसू लागतात. 'डॉट मोझिला' मध्ये 'फायरफॉक्स' नावाच्या फोल्डरात शिरा. तिथे आठ विचित्र अक्षरं, मग टिंब, मग 'डिफॉल्ट' किंवा 'डिफॉल्ट-रिलीज' असं नाव असलेले फोल्डर दिसतील. तुमच्याकडे दोन होते. तुम्ही एक उघडलात आणि म्हणालात, "ताई, यात एकच फाइल आहे." तो नव्हे. दुसरा उघडलात तर फाइल्सची रांग लागली आणि तारीख अपडेटच्या आदल्या रात्रीची. तोच.

आता सगळ्यात आधी या फोल्डरची एक प्रत पेनड्राइव्हवर घ्यायची. त्यानंतरच पुढचं. त्यातल्या तीन फाइल महत्त्वाच्या. 'प्लेसेस' नावाच्या फाइलमध्ये बुकमार्क आणि इतिहास असतो. 'लॉगिन्स' मध्ये पासवर्ड असतात, पण कुलूपबंद, आणि त्या कुलपाची किल्ली असते 'की-फोर' या फाइलमध्ये. लॉगिन्स नेली आणि किल्ली विसरली तर पासवर्ड उघडत नाहीत, म्हणून या दोघी कायम जोडीने न्यायच्या. या तिन्ही स्नॅपच्या घरातल्या नव्या प्रोफाइलमध्ये चिकटवा, तिथल्या रिकाम्या फाइलींवर बदली करू का असं विचारेल, हो म्हणा, आणि फायरफॉक्स उघडा. तुमचा तो "अगं बाई, आले" हा आवाज माझ्या लक्षात राहील.

ज्यांनी मोझिलाच्या संकेतस्थळावरून संपूर्ण फायरफॉक्स उतरवून वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवला, त्यांनाही असंच कोरं पान दिसतं. २०१९ मध्ये आलेल्या ६७ व्या आवृत्तीपासून प्रत्येक ठिकाणच्या फायरफॉक्सला स्वतंत्र प्रोफाइल मिळतं. त्यांनी पत्त्याच्या जागी 'अबाउट', कोलन, 'प्रोफाइल्स' लिहावं. यादीत जुनं प्रोफाइल दिसेल, तेच नेहमीचं म्हणून ठरवण्याचं बटण शेजारीच आहे. फाइल हलवायची गरजच नाही.

ताई, तुम्ही विचारलंत की स्नॅप काढून जुन्यासारखा डेब फायरफॉक्स घेऊ का. शाळेच्या कामाला स्नॅप चालतो, ठेवा. पण ग्रामसेवक, ठेकेदार, कर सल्लागार, ज्यांना डिजिटल सहीचं टोकन यूएसबीला लावून काम करावं लागतं, त्यांनी डेब घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. टोकनसाठी जो मॉड्यूल फायरफॉक्सच्या सुरक्षा-उपकरणांत जोडावा लागतो ती फाइल सिस्टिमच्या फोल्डरमध्ये असते, आणि बंद डब्यातल्या फायरफॉक्सला ती दिसत नाही. धुळ्याच्या एका कर सल्लागारांचं विवरणपत्र याच कारणाने अडलं होतं, आणि दोष टोकनला देत ते नवीन टोकन विकत घ्यायला निघाले होते. मोझिलाने जानेवारी २०२४ पासून, म्हणजे १२२ व्या आवृत्तीपासून, स्वतःचं डेब भांडार, म्हणजे पॅकेजं उतरवून घ्यायचं ठिकाण, सुरू केलं आहे. ते जोडायची कृती मोझिलाच्या मदत-पानावर टप्प्याटप्प्याने आहे. त्यातला प्राधान्य १००० ठेवण्याचा, म्हणजे मोझिलाच्या भांडाराला पहिला मान देण्याचा, टप्पा गाळू नका. तो गाळला तर पुढच्या अपडेटला उबुंटू तुम्हाला परत स्नॅपवर नेऊन बसवतं, आणि तुम्ही मला परत पत्र लिहाल.

*

ताई, धरणगावला माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं केंद्र आहे. डेस्कटॉपवर लिनक्स मिंट आहे. अपडेट चालू असताना लाइट गेली. लाइट आल्यावर कॉम्प्युटर सुरू झाला पण फायरफॉक्सच्या चिन्हावर क्लिक केलं की काहीच होत नाही. बाहेर माणसं उभी आहेत, पीक विम्याची मुदत जवळ आहे. इथला एक दुरुस्तीवाला म्हणतो फॉरमॅट मारावा लागेल. मारू का?
– केंद्रचालक, धरणगाव

भाऊ, मारू नका. पत्र पोचायच्या आधी तुमचा फोन आला म्हणून त्याच दिवशी काम झालं. पण हा प्रसंग आपल्याकडे कोणावरही येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

मिंटने २०२० पासून स्नॅप बाजूला ठेवलं आहे, तिथला फायरफॉक्स डेबच. डेब पॅकेज बसतं ते दोन पावलांत. पहिल्यात फाइली सोडून जागेवर ठेवल्या जातात, दुसऱ्यात त्यांची मांडणी होते. तुमच्याकडे लाइट गेली ती या दोन पावलांच्या मध्ये. ट्रॅक्टरमधून पोती उतरली, पण थप्पी लागली नाही. माल घरातच आहे.

चिन्हावर क्लिक करून काही होत नाही तेव्हा क्लिक करत बसू नका. चिन्ह मुकं असतं, टर्मिनल बोलतं. टर्मिनलमध्ये नुसतं 'फायरफॉक्स' लिहून एंटर दाबलं की ते न उघडण्याचं कारण सांगतं. तुमच्याकडे एक लायब्ररी सापडत नाही असं आलं. मग 'सुडो ॲप्ट अपग्रेड' दिलं, तर त्याने स्वतःच उपाय सांगितला: डीपीकेजी (डेब पॅकेजं बसवणारा प्रोग्रॅम) मध्येच थांबलं आहे, अमुक आज्ञा द्या. ती आज्ञा अशी: सुडो, जागा, डी-पी-के-जी, जागा, दोन आडव्या रेघा आणि लगेच कॉन्फिगर, जागा, एक आडवी रेघ आणि लगेच ए. फोनवर तुम्ही पहिल्यांदा रेघा आणि शब्दाच्या मध्ये जागा सोडलीत, म्हणून ती चालली नाही. दुसऱ्यांदा मी तुम्हाला एकेक अक्षर परत वाचून दाखवायला लावलं, आणि ओळी धावायला लागल्या.

ते संपल्यावर सुडो ॲप्ट, जागा, दोन रेघा फिक्स-ब्रोकन, जागा, इन्स्टॉल. आणि शेवटी सुडो ॲप्ट इन्स्टॉल, दोन रेघा रीइन्स्टॉल, फायरफॉक्स. रीइन्स्टॉलने फक्त ब्राउझर नव्याने बसतो, प्रोफाइलला हात लागत नाही. तुमचे सगळे पासवर्ड जागच्या जागी होते ते त्यामुळेच.

यात दोन ठिकाणी माणसं घसरतात. "लॉक मिळत नाही" असा संदेश आला की कोणीतरी सांगतं, ती लॉकची फाइल पुसून टाक. पुसू नका. त्याचा अर्थ पार्श्वभूमीला दुसरं अपडेट चालू आहे. चहा घ्या, दहा मिनिटांनी परत द्या. चालत्या अपडेटचं लॉक तोडलं तर अर्ध्या बिघाडाचा पूर्ण बिघाड होतो. दुसरं म्हणजे डिस्क भरलेली असणं. डी-एफ, जागा, रेघ एच, एवढं लिहिलं की कुठे किती जागा उरली ते कळतं. एखाद्या ओळीत शंभर टक्के दिसलं तर अपडेट पुरं होणार नाही, आणि होम फोल्डरची डिस्क भरली असेल तर फायरफॉक्सही धड उघडणार नाही, कारण त्याला लिहायला जागाच नाही. 'सुडो ॲप्ट क्लीन' ने उतरवलेली जुनी पॅकेजं निघून जातात.

मिंटवाल्यांकडे टाइमशिफ्ट असतं, त्याने सिस्टिम मागच्या तारखेला नेता येते. तो चांगला मार्ग आहे, पण ते नेहमीच्या मांडणीत होम फोल्डरला हात लावत नाही. म्हणजे फायरफॉक्स मागे जातो आणि प्रोफाइल पुढचंच राहतं. मग फायरफॉक्स म्हणतो, तुम्ही जुनी आवृत्ती उघडली आहे, नवीन प्रोफाइल तयार करा. इथे तयार करू नका. बाहेर पडा, फायरफॉक्स तेवढा अपडेट करा, जुनं प्रोफाइल आपोआप लागेल.

आता फॉरमॅटबद्दल. भाऊ, मी २०११ साली, दुकान नवीन असताना, एका निवृत्त मास्तरांचं मशीन फॉरमॅट केलं होतं. ब्राउझर उघडत नव्हता, एवढीच तक्रार होती. हतनूरच्या पाणवठ्यावर हिवाळ्यात येणाऱ्या पक्ष्यांची पानं, नोंदी, फोटोंचे दुवे त्यांनी बुकमार्कमध्ये एकेक करून ठेवले होते. मी होम फोल्डरची प्रत घेतली, पण कंट्रोल-एच न दाबता. लपलेले फोल्डर आले नाहीत. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी वही काढली आणि आठवतील तेवढे पत्ते माझ्यासमोर बसून लिहायला लागले, नऊ लिहिले आणि थांबले. तेव्हापासून माझ्या दुकानात प्रोफाइलची प्रत घेतल्याशिवाय कुठल्याही मशीनला हात लागत नाही. तुमच्याकडच्या दुरुस्तीवाल्यालाही हाच एक प्रश्न विचारा: आधी डॉट मोझिलाची प्रत घेतलीस का?

आणि तुमचं केंद्र जिनिंगच्या रस्त्यावर आहे, असं तुम्ही म्हणालात. एकदा कॅबिनेट उघडून प्रोसेसरचा पंखा बघा. जिनिंगजवळच्या मशीनमध्ये कापसाची तूस पंख्याच्या पात्यांमागे वाकळीसारखी जमते. अपडेटच्या वेळी प्रोसेसरवर जोर येतो, उन्हाळ्यात पंचेचाळीस अंशांत तो तापतो आणि मशीन मध्येच बंद होतं. माणसाला वाटतं लाइट गेली. मऊ ब्रशने काढा, आणि अपडेट इन्व्हर्टरवर असतानाच करा.

*

ताई, रावेरला केळीच्या व्यापाऱ्याकडे हिशेबाचं काम करतो. अपडेटनंतर क्रोम उघडतो, पण पान लुकलुकतं, मध्येच अर्धं काळं होतं. गाड्यांच्या नोंदी दिसत नाहीत. फायरफॉक्समध्ये तेच पान ठीक दिसतं. कोणी सांगितलं की नो-सँडबॉक्स लावून उघड.
– रावेर

भाऊ, पहिला प्रश्न: अपडेटनंतर कॉम्प्युटर बंद करून सुरू केला का? झाकण लावून झोपवणं त्यात धरायचं नाही. हंगामात तुमच्या ऑफिसात मशीन महिना-महिना बंद होत नाहीत, मला ठाऊक आहे. डिस्कवर नवीन ग्राफिक्स ड्रायव्हर येऊन बसलेला असतो आणि मेमरीत जुनाच चालू असतो. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर ही तफावत फारच त्रास देते. निम्मी दुखणी रीस्टार्टनेच जातात.

तरी राहिलं, तर एक चाचणी. क्रोम बंद करून टर्मिनलमध्ये गूगल-क्रोम, जागा, दोन रेघा डिसेबल-जीपीयू, असं लिहा. आता पान स्वच्छ दिसलं, तर दोष ग्राफिक्सकडे. क्रोम पडद्यावर चित्र उमटवायची तयार केलेली सामग्री साठवून ठेवतो, आणि ड्रायव्हर बदलला की कधी कधी ती जुनी सामग्री नव्याशी जुळत नाही. होम फोल्डर, डॉट कॉन्फिग, गूगल-क्रोम, डिफॉल्ट, आणि त्यातला 'जीपीयू-कॅश' नावाचा फोल्डर तेवढा पुसा. तो पुन्हा आपोआप तयार होतो. हात सांभाळून, भाऊ. एक पायरी वर 'डिफॉल्ट' आहे, आणि 'डिफॉल्ट' हेच तुमचं प्रोफाइल. तो पुसला तर व्यापाऱ्यांची सगळी लॉगिन गेली. तेवढ्यानेही भागलं नाही तर क्रोमच्या सेटिंगमध्ये, सिस्टिम या भागात, ग्राफिक्स ॲक्सिलरेशन (जुन्या क्रोममध्ये हार्डवेअर ॲक्सिलरेशन) बंद करा. पान जरा संथ सरकेल, पण दिसेल.

नो-सँडबॉक्स लावू नका. सँडबॉक्स म्हणजे प्रत्येक संकेतस्थळाला घातलेलं कुंपण. तुम्ही त्याच ब्राउझरमधून बँकेत लॉगिन करता, लाखांचे व्यवहार करता. ते कुंपण काढून चित्र नीट दिसणार नाही, आणि एखादं वाईट पान थेट तुमच्या फाइलींपर्यंत येऊ शकेल. उबुंटू २४.०४ मध्ये काही ब्राउझर "वापरता येईल असा सँडबॉक्स नाही" म्हणून उघडतच नाहीत. उबुंटूने सुरक्षेसाठी नियम कडक केले आहेत, म्हणून झिप उघडून किंवा ॲपइमेजमधून (न बसवता थेट चालवायच्या एकाच फाइलमधून) चालवलेले ब्राउझर अडतात. त्यांनीही कुंपण काढायचं नाही, तोच ब्राउझर डेब पॅकेजमधून घ्यायचा.

*

मी पंचाहत्तर वर्षांचा आहे. नातवाने उबुंटू टाकून दिलं. रोज वर पाटी येते की फायरफॉक्सचं अपडेट बाकी आहे, १३ दिवस उरले. काल १२ होते. मुदत संपल्यावर काय बंद होणार? पैसे भरावे लागतात का?
– चोपडा

काका, काहीही बंद होणार नाही, आणि एक रुपयाही लागत नाही. स्नॅप दिवसातून चार वेळा नवीन आवृत्ती आहे का ते पाहतो. ती आलेली आहे, पण तुमचा फायरफॉक्स उघडा असताना तो बदलता येत नाही, म्हणून तो थांबला आहे. दोन आठवडे वाट पाहून मग तो स्वतः बदल करतो, आणि त्या वेळी उघडी खिडकी असेल तर ती बिघडू शकते, एवढंच ती पाटी सांगते. आज रात्री झोपण्याआधी फायरफॉक्स बंद करा आणि थोडा वेळ कॉम्प्युटर चालू राहू द्या. नातू आला तर त्याच्याकडून 'सुडो स्नॅप रिफ्रेश फायरफॉक्स' एवढं करून घ्या. पाटी जाईल.

*

शहाद्याहून एका विद्यार्थिनीने लिहिलंय की सुट्टीनंतर कॉम्प्युटर उघडला, अपडेट केलं, तेव्हापासून विद्यापीठाच्या परीक्षेचा फॉर्म, मेल, काहीही उघडलं तरी "जोडणी सुरक्षित नाही" येतं. दोन्ही ब्राउझर पुन्हा टाकून झाले.

बाळा, कोपऱ्यातली तारीख बघ. दोन वेगळे ब्राउझर एकाच दिवशी एकच तक्रार करतात, तेव्हा दोष ब्राउझरमध्ये नसतो. प्रत्येक सुरक्षित संकेतस्थळाच्या प्रमाणपत्राला सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते, आणि ब्राउझर ती तुझ्या कॉम्प्युटरच्या घड्याळाशी ताडून बघतो. घड्याळ मागे राहिलं तर कालपरवा दिलेलं प्रमाणपत्र त्याला अजून सुरूच न झालेलं वाटतं. 'सुडो टाइमडेटसीटीएल सेट-एनटीपी ट्रू' दे, घड्याळ इंटरनेटवरून वेळ घेईल. दर वेळी बंद केल्यावर तारीख पुन्हा बिघडत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा तीन व्होल्टचा चपटा सेल संपला आहे. घड्याळाच्या दुकानातही मिळतो. अपडेटनंतर झालं म्हणजे अपडेटमुळेच झालं असं नसतं.

*

मी साक्रीचा. अहिराणीत कविता लिहितो. फायरफॉक्समध्येच टाइप करून मित्रांना पाठवतो. अपडेटनंतर आमचा 'ऱ्हायना' उमटेनासा झाला. र वर चढून रफार होतो, 'र्हायना' असं दिसतं. अहिराणीत हा शब्द दर दोन ओळींत येतो. फॉन्ट बदलून पाहिले, उपयोग नाही.
– साक्री

भाऊ, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. 'ऱ्हायना' नीट उमटत नसेल तर अहिराणी लिहायचीच कशी? सोडवू.

आधी एक करा. अपडेटच्या आधी लिहिलेली एखादी कविता त्याच फायरफॉक्समध्ये उघडा. तिच्यातला 'ऱ्हायना' बरोबर दिसतो का? तुमच्या दुसऱ्या निरोपात तुम्ही म्हणता, हो, जुना बरोबर दिसतो. मग फॉन्टला दोष नाही, ब्राउझरलाही नाही. अडचण टाइप करण्यात आहे. ज्यांना जुनं लिखाणही चुकीचं किंवा चौकोन-चौकोन दिसतं, त्यांनी फॉन्ट्स-नोटो-कोर किंवा फॉन्ट्स-लोहित-देवा हे पॅकेज टाकावं, फायरफॉक्स बंद करून उघडावा, आणि सेटिंगमध्ये फॉन्टच्या प्रगत भागात देवनागरी निवडून तिथे नोटो किंवा लोहित ठरवावा.

तुमच्याकडे अपडेटनंतर कीबोर्डच्या यादीत इंग्रजी आणि हिंदी एवढंच उरलं आहे, मराठी गळलं. कॉम्प्युटरच्या दृष्टीने हे दोन वेगळे र आहेत. साधा र घेऊन पाय मोडला आणि पुढे ह दिला की नियमाने रफारच होणार. 'गिऱ्हाईक', 'तऱ्हा', 'वाऱ्यावर', आणि तुमचा 'ऱ्हायना', या सगळ्यांना खाली टिंब असलेला ऱ लागतो. त्याचा पाय मोडला तरच तो आडवा होऊन पुढच्या अक्षराला चिकटतो. सवयीच्या मराठी मांडणीत तो आपोआप मिळत होता, म्हणून वेगळा आहे हे कधी जाणवलं नाही.

सेटिंग, कीबोर्ड, इनपुट सोर्सेस, अधिकचं चिन्ह, आणि तिथे मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची मांडणी निवडा. एकदा लॉगआउट होऊन परत या. विंडोजच्या चिन्हाची कळ आणि स्पेस एकत्र दाबली की भाषा बदलते. मग नवीन ओळीवर जा आणि दाबा: शिफ्ट धरून जे, शिफ्ट सोडून डी, यू, ई, तिरपी रेघ, व्ही, ई.